उजागरे सिस्टरांची चौकशी

उजागरे सिस्टरांनी बाहुली दोन्ही पायांना धरून उलटी टांगली आणि तिच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा, मग आणखी एकदा. मग पाठीच्या कण्यावरून अंगठा चोळत वर नेला. बाहुली रडली नाही.

"किती वेळ झाला?" त्यांनी मला विचारलं.

"कशाला?"

"बाहेर येऊन, मॅडम. नाळ कुणी कापली? वेळ लिहून ठेवलीय का कुणी?"

मी तक्त्याची फाइल छातीशी धरून उभी होते. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. हॉलमध्ये भिंतीला लागून सोळा म्हातारी माणसं बसली होती आणि कोपऱ्यात टेपवर भूपाळी चालू होती. सिस्टरांनी बाहुली टेबलावर आडवी ठेवली, करंगळीला पदराचं टोक गुंडाळलं आणि तिच्या रंगवलेल्या ओठांतून काही साफ करून काढावं तसं बोट फिरवलं. मग वाकून तिच्या तोंडावर तोंड ठेवलं आणि हलक्या फुंकरी घालायला लागल्या. गालात मावेल एवढीच हवा, त्याहून जास्त नाही. नवजात मुलाची फुप्फुसं केवढी असतात ते त्यांना अजून पाठ होतं. आपण सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं.

पाच मिनिटांनी त्या सरळ झाल्या. छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळात पाहिलं.

"अकरा वाजून नऊ," त्या म्हणाल्या. "लिहा. मूल गेलं."

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. नगरच्या बाहेर, माळावर, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी एक निवासी केंद्र होतं, तिथे मी चोवीस आठवड्यांचा एक अभ्यास करत होते. गोळ्या-इंजेक्शनं न देता या माणसांना शांत ठेवता येतं का, हे मोजायचं होतं. कुणाला भजनं ऐकवायची, कुणाला तांदूळ निवडायला द्यायचे, कुणाला बाहुली सांभाळायला द्यायची. रोज अकरा वाजता आणि चार वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं आणि तक्त्यात खुणा करायच्या: ओरडणं, मारणं, कपडे ओढणं, दाराकडे धावणं.

बाहुली द्वारकाबाई भालसिंगांची होती. वाळकीकडच्या शेतकरी घरातल्या त्या. केंद्रात आल्या तेव्हा दिवसभर हंबरल्यासारख्या ओरडायच्या. केंद्राचे प्रमुख डॉ. टेकावडे त्यांना गोळ्या द्यायचे. गोळ्यांनी त्या झिंगायच्या, आणि तशा झिंगत दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा मनगट मोडलं. त्यानंतर हौसाबाई, म्हणजे तिथल्या जुन्या आया, त्यांना लुगड्याच्या पट्टीने खुर्चीला बांधून ठेवायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या मांडीवर बाहुली ठेवली. त्यांनी तिला पदराखाली घेतलं, नाव ठेवलं सोन्या, आणि त्या आठवड्यात तक्त्यातली ओरडण्याची ओळ एक्केचाळीसवरून दोनवर आली. गोळ्या बंद झाल्या. पट्टी सुटली.

उजागरे सिस्टर हे माझं दुसरं यश. अकोले तालुक्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून डोंगरातल्या वाड्यांवर पायी फिरलेल्या. लग्न केलं नव्हतं. केंद्रात आल्यापासून सहा महिने त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. आंघोळ घालायला गेलं की हात उगारायच्या आणि दार उघडं दिसलं की पळायच्या. मी त्यांच्या भाचीकडून त्यांची निळ्या काठाची पांढरी साडी, पिशवी आणि घड्याळ मागवलं. भाची सरोजताई संगमनेरला शाळेत शिकवायच्या. स्वतः घेऊन आल्या आणि स्वतःच घड्याळ टाचलं.

"मावशी, ड्यूटीवर जायचंय ना?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "किती वाजले?" सहा महिन्यांतले ते पहिले शब्द.

सरोजताई बाहेर येऊन माझा हात धरून रडल्या. "तुम्हाला सांगते, मॅडम, चौतीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. एक ठपका नाही. आमच्या चर्चमधल्या बाया अजून म्हणतात, उजागरे बाईंच्या हातून कधी मूल गेलं नाही. त्याचाच तिला अभिमान. बाकी तिच्याजवळ होतं काय?"

त्या दिवसापासून सिस्टर रोज राउंड घ्यायला लागल्या. सगळ्यांच्या नाड्या बघायच्या. माणसं हात पुढे करायची. एक रिटायर तलाठी तर दिवसातून चार वेळा करायचे. हौसाबाई म्हणाल्या, "त्यांना काय दुखतंय ते मला बी ठाव हाय. म्हातारं सुधरायचं न्हाई."

दोन्ही उपाय मी वेगवेगळ्या पानांवर लिहिले होते. ते एकमेकांसमोर येतील असं मला सुचलं नव्हतं.

त्या सकाळी द्वारकाबाईंनीच सिस्टरांना हाक मारली. "बाई, अवो बाई! बघा की जरा. सकाळधरनं दूधच घेईना ह्यो." आणि बाहुली विश्वासाने त्यांच्या हातात दिली. मी तक्त्यात लिहिलं: दोन रुग्णांमध्ये आपणहून संवाद. त्याखाली रेघ मारली.

मूल गेल्याचं ठरवल्यावर सिस्टरांनी घाई केली नाही. टेबलावरचा तांब्या घेऊन त्यांनी बाहुलीचं तोंड धुतलं, पंच्यात नीट गुंडाळलं. मग त्या द्वारकाबाईंच्या खुर्चीच्या मागे गेल्या. आईला समोरून सांगायचं नाही, मागून खांदे धरून सांगायचं, म्हणजे ती कोसळली तर आपल्या अंगावर कोसळते. ही त्यांची पद्धत होती हे मला नंतर कळलं. त्यांनी दोन्ही खांदे घट्ट धरले.

"द्वारके," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, "मन घट्ट कर. देवानं दिलं, देवानं नेलं."

द्वारकाबाई ओरडल्या. पूर्वीचं ओरडणं मी पहिले दोन आठवडे मोजलं होतं. हे तसं नव्हतं. तलाठीबुवांनी कान झाकले. हौसाबाई न्हाणीतून हात न पुसता पळत आल्या.

"काय झालं? अवं, काय झालं?"

"मूल गेलं," सिस्टर म्हणाल्या. "गरम चहा द्या तिला. साखर जास्त घाला."

दुपारपर्यंत दोघीही सगळं विसरल्या. चार वाजता द्वारकाबाईंच्या मांडीवर बाहुली होती, पण त्या रडत होत्या. "का रडता?" मी विचारलं. "काय की," त्या म्हणाल्या. "कायतरी झालंय. मला कुणी सांगंना."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सिस्टर राउंडवर आल्या, पदर बाजूला करून बाहुलीच्या छातीला हात लावला, आणि मूल पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ आणि पिशवी लपवली. सिस्टर हॉलभर ती शोधत फिरल्या, गाद्या उचकटल्या, आणि शेवटी तशाच रिकाम्या हातांनी द्वारकाबाईंपाशी पोचल्या. चौथ्या दिवशी मी घड्याळ-पिशवी परत दिली आणि बाहुली गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून कोमट करून दिली. सिस्टरांनी तिला कानाशी धरलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "आत्ताच गेलं. अजून ऊब आहे." त्या दिवशी द्वारकाबाईंनी स्वतःच्या छातीवर बुक्क्या मारून घेतल्या. मनगटाला पुन्हा सूज आली.

डॉ. टेकावड्यांनी मला बोलावलं. चांगला माणूस; कंटाळलेला.

"मॅडम, तुमचे आकडे मला आवडतात. पण भालसिंगांचा मुलगा काल आला होता. आईच्या छातीवरचे वण बघून गेला. मला सोमवारपर्यंत काहीतरी करून दाखवा. नाहीतर मी त्यांच्या गोळ्या सुरू करतो."

"गोळ्या सुरू केल्या तर त्या अभ्यासातून बाद होतील."

"मग करून दाखवा."

बाहेर हौसाबाई दाराशीच होत्या. त्या ऐकत होत्या हे त्यांनी लपवलं नाही.

"त्यात काय एवढं? अकराच्या टायमाला सिस्टरला मी मागं नेते. मोगऱ्याच्या कळ्या खुडंल, चार गोष्टी करंल. म्हातारी इकडं बाहुली घिऊन बसंल. मिटलं."

"अकरा वाजता सगळे हॉलमध्ये हवेत, हौसाबाई. एकाला वगळलं तर आकड्यांना अर्थ राहत नाही."

"आकडं घाला चुलीत."

"सतरावा आठवडा आहे हा माझा."

"माझं आठवं वरीस हाय इथं," हौसाबाई म्हणाल्या. "मला इचारलं का कुणी, काय अर्थ राहिला म्हणून?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तिथल्या सगळ्या आयांना मीच एक नियम शिकवला होता. या माणसांचं बोलणं खोडायचं नाही. कुणी म्हणालं की आज माझं लग्न आहे, तर तुमचा नवरा वारलाय असं सांगायचं नाही. हळद कुठे ठेवलीय म्हणून विचारायचं. त्यांच्या जगात आपण शिरायचं आणि तिथून त्यांना हाताला धरून आणायचं. शुक्रवारी संध्याकाळी मी माझ्याच टिपणातला तो परिच्छेद वाचत होते, आणि मला उपाय सुचला. मी खूश झाले होते, हे मला स्पष्ट आठवतं. केंद्राच्या संगणकावर मी सात ओळींचं एक पत्र टाइप केलं, वर जावक क्रमांक घातला, खाली सही केली, त्यावर केंद्राचा गोल शिक्का मारला.

शनिवारी दुपारी पांढरा कोट घालून मी ऑफिसात टेबलामागे बसले आणि सिस्टरांना बोलावलं. त्या मला मेडिकल ऑफिसर समजायच्या.

"बसा, सिस्टर."

"उभीच बरी आहे, मॅडम."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्याने, एकही शब्द न अडखळता वाचला. वाचता येणं शेवटपर्यंत टिकतं. "...प्रसूतीच्या वेळी अर्भक दगावल्याबाबत आपली चौकशी करण्यात येणार असून, चौकशी पूर्ण होईपर्यंत आपणांस कामावरून दूर ठेवण्यात येत आहे."

त्यांनी कागद खाली केला.

"कुठलं मूल, मॅडम?"

"द्वारकाबाईंचं."

"ही राजूरची का?"

गावाचं नाव मी घातलं नव्हतं. "हो," मी म्हटलं.

पंखा फिरत होता. टेबलावरचा कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"मला पोचायला उशीर झाला का?"

या प्रश्नाला तीन उत्तरं मला सुचली होती. मूल आधीच गेलं होतं. मूल अशक्त होतं. कुणाचीच चूक नव्हती. पण आपली चूक नाही असं वाटलं असतं तर सोमवारी अकरा वाजता त्या पुन्हा राउंडवर आल्या असत्या.

"हो," मी म्हटलं.

"किती?"

"दोन तास."

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. "नदीला पाणी असेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ते कारण होत नाही."

मग दोन्ही हातांनी छातीवरची पिन काढली, घड्याळ टेबलावर ठेवलं, पिशवी त्याच्या शेजारी ठेवली.

"पोच द्या, मॅडम."

मी कागदाच्या तुकड्यावर पोच लिहून दिली. ती त्यांनी चौघडी करून पोलक्यात ठेवली.

सोमवारी अकरा वाजता उजागरे सिस्टर राउंडवर आल्या नाहीत. पांढरी साडी नेसून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून. हॉलचं दार उघडं होतं, त्यामुळे मला त्या तक्त्यासाठी दिसत होत्या. द्वारकाबाई बाहुलीला थोपटत होत्या. अकरा ते पावणेबारा: ओरडणं शून्य.

मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. डॉ. टेकावडे म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "भूमिका बदलली." त्यांनी जास्त विचारलं नाही.

सिस्टरांना कागद आठवत नव्हता. माझ्याशी झालेलं बोलणंही आठवत नव्हतं. मेंदूचा प्रसंग साठवणारा भाग त्यांचा झिजला होता. भीती साठवणारा भाग बराचसा शाबूत होता. हे मला माहीत होतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. रोज सकाळी त्या स्वतः बाकावर येऊन बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या, "साहेब आले का?"

"कंचे साहेब?" हौसाबाई म्हणायच्या. "चला, चहा घ्या."

"नको. बोलावलं तर?"

जेवणाचं ताट बाकावर न्यावं लागायचं. दोन घास खाऊन त्या ताट बाजूला सारायच्या आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवायच्या. तलाठीबुवा हात पुढे करून समोर उभे राहायचे. त्या त्यांच्याकडे बघत नसत. "मला हात लावायची परवानगी नाही," एकदा म्हणाल्या. माझ्या तक्त्यात गप्प बसून राहण्याला रकाना नव्हता. मारणं शून्य, ओरडणं शून्य, दाराकडे धावणं शून्य. सोळा जणांत सर्वांत जास्त सुधारणा त्यांची दिसत होती.

एकविसाव्या आठवड्यात मी दुसरा कागद टाइप केला. चौकशी पूर्ण झाली, आपण निर्दोष आहात. सिस्टरांनी तो मोठ्याने वाचला, माझे दोन्ही हात धरले, त्यांचा चेहरा उजळला. दहा मिनिटांनी मी परत गेले तर कागद त्यांच्या मांडीवर होता. "हा कुणाचा पडलाय, मॅडम?" त्यांनी विचारलं. "ज्याचा असेल त्याला द्या. सुटला बिचारा." मी तो कागद त्यांना नऊ वेळा दिला. तारखा माझ्याकडे आहेत.

"उगं कागद खर्चू नका," हौसाबाई म्हणाल्या. त्यापुढे त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

सरोजताई त्या महिन्यात आल्या तेव्हा तासभर बाकावर मावशीशेजारी बसून होत्या. नंतर ऑफिसात आल्या, दार लोटून घेतलं.

"मॅडम, ती मला काहीतरी सांगत होती." त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. "राजूरला तिच्या हातून एक मूल गेलं म्हणे. ती दोन तास उशिरा पोचली. चौकशी लागली होती म्हणे. आम्हाला कुणालाच माहीत नाही. माझ्या आईलासुद्धा तिनं कधी सांगितलं नाही."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"एवढी वर्षं एकटीनं ओढलं बघा. आणि आम्ही तिला लोकांसमोर मिरवत होतो, एक मूल गेलं नाही म्हणून! तिला काय वाटत असेल तेव्हा?" त्यांनी डोळे पुसले. "या आजारात माणूस खोटं बोलतं का हो?"

"खोटं बोलत नाही," मी म्हटलं. ते बरोबर होतं.

"तेच म्हटलं. दोन तास इतकं नेमकं कोण सांगेल?"

अभ्यास चोवीस आठवड्यांनी संपला. निबंध छापून आला. त्यात सिस्टर रुग्ण क्रमांक सहा आहेत. मी पुण्याला गेले. डिसेंबरात हौसाबाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "सिस्टर गेल्या. बाकावरच," आणि फोन ठेवला.

दफनाला मला पोचता आलं नाही. आठ दिवसांनी स्मरणसभा होती, तिला गेले. चर्च भरलं होतं. अकोले तालुक्यातून, डोंगरातून जीप करून बायका आल्या होत्या, त्यांच्याबरोबर त्यांची मोठाली मुलं, आणि त्या मुलांची मुलं. सरोजताई बोलायला उभ्या राहिल्या. मावशीची पायपीट सांगितली, कंदील सांगितला, विंचू चावला तरी वाट न सोडल्याचं सांगितलं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशीनं शेवटी माझ्याजवळ एक कबुली दिली. ती मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. लपवणं तिला आवडलं नसतं." आणि त्यांनी ते सांगितलं. राजूरचं मूल. दोन तास. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीकडे वळून काहीतरी विचारलं. शेजारीण मानेनं नाही म्हणाली. मग दोघींनी पदर डोक्यावर ओढून घेतले.

मी डावीकडच्या पाचव्या रांगेत होते. उठून चार पावलं गेलं असतं तर बोलता आलं असतं.

सभा झाल्यावर सरोजताई मला बाजूला घेऊन गेल्या. हातात एक वही होती.

"बरं झालं आलात. तुम्ही शेवटी तिच्याजवळ होतात, म्हणून तुम्हालाच विचारते. कबरीवरचा दगड सांगायचाय. पाळकसाहेबांनी दोन वचनं काढून दिलीत. पहिलं सेवेचं आहे. विश्वासू सेवकाला धनी शाबासकी देतो, तसलं. ते मी तिच्यासाठी कधीचं ठरवून ठेवलं होतं. दुसरं क्षमेचं आहे." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "आता पहिलं घातलं तर तिलाच ओझं होईल का? तिनं तुम्हाला काही सांगितलं होतं का, त्या मुलाबद्दल?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कुठलं घालू?"

दोन्ही वचनं त्यांच्या शाळेतल्या ठळक, गोल अक्षरात लिहिलेली होती. मी दोन्ही वाचली.

"दुसरं," मी म्हटलं.

सरोजताईंनी पेन काढलं आणि पहिल्या वचनावर रेघ मारली.